नेफ्रोटिक असलेल्या मुलाला ताप आला तर बॅक्टेरियल आहे की नाही हे आधी कळू शकतं का?

केतकीपान

नमस्कार मंडळी, या विषयावर मराठीत फारसं काही सापडलं नाही म्हणून धागा काढतेय.

मुलगा साडेपाच वर्षांचा. तीन वर्षांचा असल्यापासून नेफ्रोटिक सिंड्रोम आहे, म्हणजे लघवीतून प्रोटीन जातं आणि अंगावर सूज चढते तो प्रकार. स्टेरॉइडला रिस्पॉन्स चांगला आहे पण डोस उतरवत आणला की रिलॅप्स, म्हणजे आजार परत उलटणं, ठरलेला. मुलांच्या किडनीचे डॉक्टर पुण्याला आणि आम्ही सातारा जिल्ह्यात, त्यामुळे सर्दी-ताप असलं काही झालं की आधी गावातच दाखवतो.

मागच्या महिन्यात रिलॅप्स चालू होता. लघवीतलं प्रोटीन बघायच्या स्ट्रिपवर तीन प्लस, डोळे सुजलेले, पोट टम्म, ओम्नाकॉर्टिल (स्टेरॉइडचं औषध) पूर्ण डोसने सुरू करून आठवडाही झाला नव्हता. संध्याकाळी अंग कसकसतंय म्हणाला, मोजलं तर १०० च्या आगेमागे, म्हणजे ताप म्हणावा की नको असा. रक्त तपासायला दिलं. पांढऱ्या पेशी १६ हजार, ईएसआर (लाल पेशी खाली बसायचा वेग) ९०, सीआरपी (इन्फेक्शन किंवा दाह असला की रक्तात वाढणारं प्रोटीन) १.८. फोनवर सांगण्यात आलं की सीआरपी नॉर्मल आहे, पेशी स्टेरॉइडमुळे वाढल्यात, व्हायरल असणार, पॅरासिटामॉल द्या आणि दोन दिवस बघा. सकाळी पोरगं गुडघे पोटाशी घेऊन पडलं, पोटाला हात लावू देईना, उलट्या सुरू. तसंच गाडीत घालून पुणे गाठलं. तिथं पोटातलं पाणी सुईने काढून तपासलं आणि पेरिटोनायटिस निघाला, म्हणजे पोटातल्या पाण्यातच इन्फेक्शन. इंजेक्शनं झाली, आता ठणठणीत आहे, सायकलवरून उतरत नाही.

प्रश्न असा की अशा मुलांमध्ये ताप आल्या आल्या हे बॅक्टेरियल आहे की व्हायरल हे सांगणारी एखादी खात्रीची टेस्ट आहे का? प्रोकॅल्सिटोनिन का काय म्हणतात त्याबद्दल वाचलं. हल्ली कॉम्प्युटरने अंदाज काढतात असंही ऐकलंय. दर तापाला पुणे गाठणं जमत नाही हो, पण परत असं व्हायला नको.

रात्रपाळी

मी पीडियाट्रिक्सला रेसिडेंट आहे, नेफ्रोलॉजी वॉर्डात काम केलंय. तुमच्या मुलाला मी पाहिलेलं नाही त्यामुळे हे सगळं जनरल समजा, शेवटचा शब्द तुमच्या पुण्याच्या डॉक्टरांचा.

सरळ उत्तर, अशी एक टेस्ट नाही. आणि मुळात जे रिपोर्ट आपण इतर मुलांमध्ये डोळे झाकून वाचतो ते सगळेच्या सगळे या आजारात आणि या औषधात बिघडलेले असतात, तुमचे तीन आकडे त्याचं अगदी पुस्तकी उदाहरण आहेत म्हणून एकेक घेतो.

पांढऱ्या पेशी १६ हजार. स्टेरॉइड दिलं की रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेल्या न्यूट्रोफिल पेशी सुटून रक्तात येतात आणि काउंट वाढतो, इन्फेक्शन असो नसो. म्हणजे "स्टेरॉइडमुळे वाढल्यात" हे वाक्य खोटं नाही. पण स्टेरॉइड हे कारण हजर आहे म्हणून इन्फेक्शन गैरहजर आहे असं होत नाही ना! त्या आकड्यावरून दोन्हीपैकी काहीच ठरत नाही एवढंच. स्लाइड बघून बँड पेशी, म्हणजे अर्धवट पिकलेल्या न्यूट्रोफिल, वाढल्यात का, टॉक्सिक ग्रॅन्युल्स दिसतात का, हे कोणी जाणकाराने सांगितलं तर त्याला जास्त अर्थ आहे.

ईएसआर ९०. हा तर विसराच. रिलॅप्समध्ये रक्तातलं अल्ब्युमिन खाली आणि फायब्रिनोजेन वर गेलेलं असतं, त्यामुळे लाल पेशी भाकऱ्यांच्या चळतीसारख्या एकावर एक रचल्या जातात आणि भराभर खाली बसतात. पोरगं अंगणात खेळत असलं तरी ईएसआर ९० येऊ शकतो. नेफ्रोटिकमध्ये इन्फेक्शन शोधायला ही टेस्ट करणं म्हणजे बोटाला उगाच सुई.

सीआरपी जरा बरी. पण ती लिव्हरमध्ये तयार होते, इन्फेक्शन सुरू झाल्यावर वाढायला सहा-आठ तास तरी घेते आणि शिखर गाठायला दीड-दोन दिवस. तुम्ही संध्याकाळी कसकस जाणवल्यावर लगेच रक्त दिलंत, म्हणजे सीआरपीला अजून वेळच मिळाला नव्हता. पहिल्या काही तासांतली नॉर्मल सीआरपी ही नॉर्मल नसते, ती "अजून माहीत नाही" असते. दुसऱ्या दिवशी सकाळी परत केली असती तर चित्र वेगळं दिसलं असतं. एका आकड्यापेक्षा बारा-चोवीस तासांच्या अंतराने केलेले दोन आकडे जास्त बोलतात.

प्रोकॅल्सिटोनिन हे रक्तात मोजायचं आणखी एक प्रोटीन, ते चार-सहा तासांत वाढायला लागतं, व्हायरलमध्ये सहसा फार चढत नाही, म्हणून लोकांना आवडतं. ०.५ च्या वर गेलं की बॅक्टेरियलचा संशय धरतात. पण किडनीचं काम कमी झालेल्या मुलांत, विशेषतः डायलिसिसवरच्या, ते इन्फेक्शन नसतानाही थोडं चढलेलं असू शकतं, तिथे ०.५ चा नियम लावला की घोळ होतो. तुमच्या मुलाचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ताची टेस्ट) नॉर्मल असेल तर ही अडचण कमी. तरी इन्फेक्शन एकाच जागी दबून असेल तर तेही खाली राहू शकतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्टेरॉइड तापही दाबतं आणि पोटाचं दुखणंही दाबतं. पूर्ण डोसवर असलेल्या मुलाचा १०० चा ताप मी इतर पोराच्या १०० सारखा वाचणार नाही.

मग आम्ही बघतो काय? पोरगं आत्ता आजाराच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते. रिलॅप्समध्ये लघवीतून नुसतं अल्ब्युमिन जात नाही, आयजीजी अँटिबॉडी जातात, कॉम्प्लिमेंटमधला (जंतू मारायला मदत करणाऱ्या रक्तातल्या प्रोटीन्समधला) फॅक्टर बी जातो. न्यूमोकॉकससारखे ज्यांच्या अंगावर जाड कवच असतं असे जंतू मारायला नेमकं हेच लागतं. वर पोटात साचलेलं पाणी म्हणजे जंतूंना वाढायला आयती जागा, आणि त्यावर स्टेरॉइड. म्हणून या मुलांत पेरिटोनायटिस होतो, बहुतेक न्यूमोकॉकसचा नाहीतर ई. कोलायसारख्या आतड्यातल्या जंतूंचा. अल्ब्युमिन १.५ च्या खाली असेल तर धोका आणखी वर. तेच मूल रिमिशनमध्ये असेल, म्हणजे आजार शांत, लघवीत प्रोटीन निल, सूज नाही, स्टेरॉइड एक दिवसाआड थोडंसं, तर त्याचा सर्दी-ताप बराचसा इतर मुलांसारखाच असतो.

सूज असलेल्या नेफ्रोटिक मुलाचं पोट दुखायला लागलं की दुसरं काही सिद्ध होईपर्यंत तो पेरिटोनायटिस. दुसरी कारणंही असतात, रक्तातलं पाणी कमी होऊन आतड्याला पुरवठा कमी पडणं (हातपाय गार, नाडी जोरात), गुठळी, स्वादुपिंडाला सूज, स्टेरॉइडची ॲसिडिटी. पण यातलं ॲसिडिटी सोडलं तर एकही घरी बसून बघत राहण्यासारखं नाही. सुईने काढलेल्या पाण्यात १ घन मिलिमीटरला १०० च्या वर पांढऱ्या पेशी आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल असल्या की कल्चरची (जंतू उगवून ओळखायची टेस्ट) वाट न बघता इंजेक्शन चालू करतात.

नमुना_क्रमांक_७

वरचा प्रतिसाद एक नंबर. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, माझा एकच प्रश्न, ताई ती सीआरपी १.८ कुठल्या युनिटमध्ये होती? काही लॅब मिलिग्रॅम पर लिटर छापतात काही मिलिग्रॅम पर डेसीलिटर, दोन्हींत दहापटीचा फरक. लिटरवाल्याचं नॉर्मल साधारण ५-६ च्या आत, डेसीलिटरवाल्याचं ०.५-०.६ च्या आत. फोनवर नुसता आकडा सांगितला की हा गोंधळ हमखास होतो, रोज बघतो. कागद काढून बघा आणि आकड्याच्या उजवीकडे जे बारीक अक्षरात असतं ते वाचा.

दुसरं म्हणजे सॅम्पल. ब्लड कल्चर घ्यायचंच असेल तर अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी घेतलेलं बरं, नंतर बाटलीत काही उगवत नाही आणि मग "कल्चर निगेटिव्ह, इन्फेक्शन नव्हतंच" असं लोक म्हणत बसतात. अर्थात पोरगं सिरियस असेल तर कल्चरसाठी औषध अडवायचं नाही. पोटातलं पाणी पण साध्या ट्यूबमध्ये पाठवण्यापेक्षा बेडशेजारीच ब्लड कल्चरच्या बाटलीत भरलं तर जंतू सापडायचा चान्स वाढतो. तरी पुष्कळदा निगेटिव्हच येतं.

लघवीचं तर विचारू नका. बाळांना चिकटवायची ती पिशवी लावून आणलेलं सॅम्पल कल्चरला देतात, त्यात कातडीवरचे जंतू हमखास येतात. निगेटिव्ह आलं तर उपयोग, पॉझिटिव्ह आलं तर कशावर विश्वास ठेवायचा कळत नाही.

केतकीपान

कागद काढला. मिलिग्रॅम पर डेसीलिटर लिहिलंय!! नॉर्मल रेंज ०.६ पर्यंत. शेजारी छोटा बाण पण आहे वर जाणारा. म्हणजे ती १८ होती??

डोकं सुन्न झालं वाचून.

रात्रपाळी

हो, १८. पण ताई एक सांगतो, त्यावरून आता स्वतःला किंवा कुणाला फार धारेवर धरू नका, कारण १८ ही तशी मधलीच. साध्या व्हायरल तापात १८, ३० सहज दिसते. त्या संध्याकाळी १८ असं बरोबर वाचलं असतं तरी नुसत्या त्या आकड्यावरून कोणी पेरिटोनायटिस म्हटलं नसतं. ठरवायला हवं होतं ते बाकीच्या गोष्टींवरून, की सूज आहे, तीन प्लस आहे, पूर्ण डोस चालू आहे आणि कसकस आहे, तर कोणीतरी प्रत्यक्ष पोट चेपून बघायला हवं आणि काही तासांनी परत बघायला हवं. फोनवर पोट चेपता येत नाही.

आकडेमोड

धाग्यात "कॉम्प्युटरने अंदाज" आलंय म्हणून लिहितो. डॉक्टर नाही, स्टॅटिस्टिक्सवाला आहे, आरोग्याच्या डेटावर काम करतो.

अंदाज बांधणारी मॉडेल्स आहेत. उदा. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठातल्या लोकांनी यूटीआयकॅल्क नावाचा कॅल्क्युलेटर केलाय, २ ते २३ महिन्यांच्या तापाच्या बाळाला लघवीचं इन्फेक्शन असण्याची शक्यता किती ते सांगतो, वय, ताप किती, किती वेळ, दुसरं काही कारण दिसतंय का असं भरायचं, नंतर लघवीचा रिपोर्ट भरला की आकडा सुधारतो. पण असली बहुतेक मॉडेल्स एरवी धडधाकट असलेल्या मुलांवर बनवलेली असतात. किडनीचे आजार, स्टेरॉइड, इम्युनिटी कमी असलेली मुलं अभ्यासातून मुद्दाम वगळतात, कारण त्यांनी गणित बिघडतं. मग तेच मॉडेल नेमकं त्याच मुलांना लावायचं म्हणजे काय ते बघा. आणि निव्वळ नेफ्रोटिक मुलांचा डेटा एका हॉस्पिटलात फार थोडा जमतो, त्यात सीरियस इन्फेक्शनच्या केसेस आणखी थोड्या, एवढ्याशा आकड्यांवर दहा-बारा गोष्टी कोंबून मॉडेल केलं की त्या हॉस्पिटलात ते झकास चालतं आणि शेजारच्या हॉस्पिटलात आपटतं.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. डॉक्टरसाहेबांनी "कुठल्या टप्प्यावर आहे ते बघतो" असं म्हटलं ते गणितात किती मोठं आहे बघा. आकडे मी मनाने घेतोय, समजण्यापुरते. समजा एक टेस्ट आहे, खरं इन्फेक्शन असलेल्या १०० पैकी ८० जणांना पकडते आणि नसलेल्या १०० पैकी २० जणांना उगाच पॉझिटिव्ह दाखवते.

आता रिमिशनमधल्या मुलांचे १००० ताप घ्या आणि समजा त्यातले ५० सीरियस बॅक्टेरियल. टेस्ट त्यातले ४० पकडेल, १० सोडेल. उरलेल्या ९५० मधले १९० उगाच पॉझिटिव्ह, ७६० निगेटिव्ह. म्हणजे निगेटिव्ह आलेल्या ७७० मध्ये १० चुकले, ७७ ला एक. घरी पाठवून लक्ष ठेवायला सांगणं समजू शकतो.

आता सूज आलेली, पोट दुखणारी, पूर्ण डोसवरची १००० मुलं घ्या आणि समजा त्यातल्या ४०० ना खरंच इन्फेक्शन आहे. तीच टेस्ट, तीच मशीन. ३२० पकडले, ८० सुटले. उरलेल्या ६०० मधले ४८० निगेटिव्ह. निगेटिव्ह एकूण ५६०, त्यात ८० चुकलेले. सातात एक!

टेस्ट बदलली नाही, कागदावर तोच "निगेटिव्ह" छापून आला, पण एका पोराच्या बाबतीत ७७ ला एक आणि दुसऱ्याच्या बाबतीत ७ ला एक. सातात एकाला पेरिटोनायटिस असताना कोण घरी पाठवेल? म्हणून टेस्ट कुठली चांगली या प्रश्नाआधी टेस्ट कुणाची करतोय हा प्रश्न येतो. प्रोकॅल्सिटोनिन आणलंत तरी हे गणित चुकत नाही, फक्त आकडे थोडे सरकतात, आणि ती सीआरपीच्या कितीतरी पट महाग पडते ते वेगळंच.

वैनगंगा

आमचा किस्सा जरा वेगळा आहे पण इथे बसेल म्हणून लिहितो. मुलगी ११ वर्षांची, किडन्या जन्मापासूनच लहान, आता घरी पेरिटोनियल डायलिसिसवर आहे, म्हणजे पोटात नळी, पाणी भरायचं आणि काढायचं. आमच्यात पेरिटोनायटिस हाच सगळ्यात मोठा बागुलबुवा. पण केतकीताई तुमच्यापेक्षा आमचं एका बाबतीत सोपं आहे, आमचं पोटातलं पाणी रोज बाहेर येतं आणि डोळ्यांनी दिसतं.

पोटातून आलेली पिशवी दर वेळी छापील कागदावर ठेवायची आणि आरपार अक्षरं वाचता येतात का बघायचं. आमच्याकडे जुनं कॅलेंडर ठेवलंय त्यासाठी, बारीक तिथी-नक्षत्र वाचता आलं की पास. अक्षरं पुसट झाली, पाणी ताकासारखं दिसलं की पिशवी फेकायची नाही, तीच घेऊन हॉस्पिटल. ताप नसला, पोट दुखत नसलं तरी. तिथे त्यातच पेशी मोजतात, तुमच्यासारखंच १०० च्या वर आणि निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल. कधी कधी फायब्रिनचे धागे येऊन पण गढूळ दिसतं आणि रिपोर्ट चांगला निघतो, फुकट फेरी होते, होऊ द्या. नळी बाहेर येते ती जागा लाल दिसली, चिकट झाली तर तेही लगेच दाखवायचं, जंतू तिथून आत जायला वेळ लागत नाही.

ट्रेनिंग देणाऱ्या सिस्टरनी आम्हाला रक्ताचा एकही रिपोर्ट वाचायला शिकवला नाही, पिशवी वाचायला शिकवली. तुमच्याकडे पिशवी नाही, पण सकाळची स्ट्रिप, वजन आणि पोटाचा घेर हे तर घरचंच आहे ना, वहीत लिहून ठेवा. डॉक्टर फोनवर पहिलं तेच विचारतात.

निसर्गमित्र

एवढ्या टेस्ट आणि एवढी औषधं करण्यापेक्षा मुलाची इम्युनिटी मुळापासून वाढवा. गुळवेलीचा काढा रोज सकाळी, सोबत हळद-दूध. आमच्या नात्यात एकाला फरक पडलाय. स्टेरॉइडनेच तर इन्फेक्शन होतंय हे वरच्या डॉक्टरांनीच मान्य केलंय की.

नमुना_क्रमांक_७

भाऊ राग मानू नका पण इम्युनिटी दाबणाऱ्या औषधावर असलेल्या पोराला काढा सुचवू नका. मुंबईत कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही लोकांच्या लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस तिथल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापल्या होत्या. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला होता हेही खरं, तो वाद वाद म्हणून राहू दे. पण आधीच एवढी औषधं चालू असलेल्या पोरावर तो वाद कशाला आजमावायचा? हळद-दूधाला माझी ना नाही, मीठ नाही ना त्यात.

केतकीपान

हा विषय निघालाच आहे तर विचारते, सासूबाईंचं पण हेच म्हणणं आहे, की स्टेरॉइडने इन्फेक्शन होतं तर ताप आला की तेवढे दिवस गोळी बंद ठेव. आणि एका व्हॉट्सॲप ग्रुपवर बरोबर उलटं, की सर्दी झाली की एक दिवसाआडची गोळी रोज करा म्हणजे रिलॅप्स येत नाही. कुणाचं ऐकायचं?

लसींचं पण कळत नाहीये. न्यूमोकॉकसची सरकारी लस झालेली आहे त्याची.

रात्रपाळी

गोळी स्वतःच्या मनाने बंद कधीच करायची नाही, सासूबाईंना माझ्याकडून सांगा. बरेच दिवस स्टेरॉइड बाहेरून मिळालं की शरीराची स्वतःची ग्रंथी ते बनवायचं कमी करते, आणि नेमकं आजारपणात शरीराला ते जास्त लागतं. अशा वेळी अचानक तोडलं तर बीपी खाली जाऊन पोरगं कोसळू शकतं. उलट मोठ्या आजारपणात किंवा ऑपरेशनला आम्ही स्ट्रेस डोस म्हणून वाढवतो. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकतच नसेल तर ते स्वतःच इमर्जन्सी आहे, तिथे हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन लागतं. हे कुठल्याही डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगायचं, "मुलगा इतके महिने स्टेरॉइडवर आहे".

सर्दी झाली की रोज गोळी, हे ग्रुपवरचं अगदीच हवेतलं नाही. सर्दी-तापाने रिलॅप्स येतो हे खरं, आणि वारंवार रिलॅप्स येणाऱ्या मुलांत पाच-सात दिवस तोच डोस रोज द्यावा असं आपल्याकडच्या २०२१ च्या गाइडलाइनमध्ये आहे, त्यामागे आपल्याकडचेच अभ्यास होते. पण नंतर ब्रिटनमध्ये प्रेडनॉस २ नावाची मोठी ट्रायल झाली, त्यात सर्दी झाल्यावर सहा दिवस रोजचं स्टेरॉइड आणि खोटी गोळी यांची तुलना केली तर रिलॅप्समध्ये फरक दिसला नाही. त्यामुळे आता डॉक्टर-डॉक्टरांत मतं वेगळी आहेत, तुमच्या डॉक्टरांचं काय ते एकदा लिहून घ्या. मला विचाराल तर सरसकट सगळ्यांना वाढवायला माझं मन घेत नाही. पण ते रिलॅप्स टाळायला आहे, इन्फेक्शन टाळायला नाही, ही गल्लत करू नका.

लसींचं बघा. न्यूमोकॉकसची पीसीव्ही लस देशभर सरकारी कार्यक्रमात २०२१ मध्ये आली, त्यातली पुण्याच्या सीरमची न्यूमोसिल दहा प्रकारांवर चालते. न्यूमोकॉकसचे प्रकार नव्वदहून जास्त आहेत, म्हणून नेफ्रोटिक मुलांना दोन वर्षांनंतर पीपीएसव्ही २३ नावाची दुसरी लस वरून देतात, पीसीव्हीनंतर निदान आठ आठवड्यांनी. ही सरकारी वेळापत्रकात नाही, विकत घ्यावी लागते, आणि बऱ्याच पालकांना कोणी सांगितलेलीच नसते. फ्लूची दरवर्षी. या लसी मेलेल्या जंतूंच्या किंवा त्यांच्या तुकड्यांच्या असल्यामुळे स्टेरॉइड चालू असताना देता येतात, फक्त रिमिशनमध्ये, कमी डोसवर असताना दिल्या तर जोर जास्त धरतात. कांजिण्या, एमएमआर या जिवंत लसी मात्र पूर्ण डोस चालू असताना द्यायच्या नाहीत. आणि शाळेत कुणाला कांजिण्या निघाल्या, तुमच्या मुलाला लस झालेली नाही आणि तो पूर्ण डोसवर आहे, तर अंगावर पुरळ यायची वाट न बघता त्याच दिवशी फोन करा, त्यावरचं अँटिबॉडीचं इंजेक्शन ९६ तासांच्या आत दिलेलं चांगलं.

लस झाली म्हणून पेरिटोनायटिस होणारच नाही असं नाही हं. ई. कोलायवर लस नाही.

आकडेमोड

अवांतर: रोजचं अँटिबायोटिक देऊन ठेवलं तर? लघवी उलटी वर चढणाऱ्या मुलांना देतात ना.

रात्रपाळी

ती रिफ्लक्सवाली मुलं, वेगळा गट. त्यांच्यावर अमेरिकेत रिव्हर नावाची ट्रायल झाली, २०१४ मध्ये आली, ६०७ मुलं होती. रोजच्या डोसने लघवीचं इन्फेक्शन परत होण्याचं प्रमाण साधारण निम्म्यावर आलं पण किडनीवरचे व्रण काही कमी झाले नाहीत, आणि नंतर जे जंतू निघाले ते त्या औषधाला दाद न देणारे जास्त. नेफ्रोटिकमध्ये सरसकट रोजचं अँटिबायोटिक द्यावं इतका पुरावा नाहीये. आम्ही देत नाही.

वैनगंगा

केतकीताई, तुमच्यासारखं लांब राहणाऱ्यांनी एक करून घ्या. आम्ही पण शहरापासून लांब, रात्री जवळच्या दवाखान्यात नवीन डॉक्टर असतो आणि त्याला पहिल्यापासून सगळं सांगण्यात अर्धा तास जातो. आमच्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर अर्ध्या पानाचं पत्र लिहून घेतलंय, आजाराचं नाव, चालू औषधं, शेवटचं वजन, "ताप किंवा पोटदुखी असल्यास प्रत्यक्ष तपासावे, घरी पाठवण्याआधी या नंबरवर बोलावे", पहिलं इंजेक्शन कुठलं आणि किती, कुठली औषधं द्यायची नाहीत. आमच्यात दुखण्यावरचं ब्रुफेन नको म्हणून ठळक लिहिलंय. लॅमिनेट करून एक प्रत आजीकडे, एक शाळेत. तुमच्यात स्टेरॉइडचं वाक्य सगळ्यात वर घ्या.

केतकीपान

पत्राचं भारी आहे, पुढच्या खेपेला घेतेच. पीपीएसव्ही २३ खरंच कोणी सांगितली नव्हती, फाइल चाळली, कुठेच नाही. सीआरपीचं युनिट तर आता मी पाठच केलंय.

एक शेवटचं, घरात धाकटी दीड वर्षांची आहे. पल्स पोलिओचे थेंब तिला द्यायचे का? दादाला चालेल का ते?

रात्रपाळी

चांगलं विचारलंत. थेंबांतला विषाणू जिवंत असतो, कमजोर केलेला, आणि डोस घेतलेल्या बाळाच्या शीतून काही आठवडे बाहेर पडतो. म्हणून घरात इम्युनिटी दाबलेलं मूल असेल तर भावंडांना थेंबांऐवजी आयपीव्हीचं, म्हणजे मेलेल्या विषाणूच्या पोलिओ लसीचं, इंजेक्शन द्यावं असं सांगतात. तिचे आयपीव्हीचे किती डोस झालेत ते कार्डवर बघा आणि पुण्याला फोन करून विचारा. बूथवर आशाताईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्या घरी येऊन थेंब पाजून आणि बोटाला शाई लावूनच जातील.